पोर्ट सात : काही जोडलेलं नाही

आधीच सांगून ठेवतो. हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलं आहे. मित्राच्या मित्राच्या नाही.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. रविवारची भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणीतरी आरामात गाडी धूत होतं. भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं, कोण जाणे.

मी प्रोग्रामर आहे. अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मीच आजवर टर उडवत आलो. आता तुम्ही माझी उडवा, हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा.

थोडं कामाचं सांगावं लागेल. ते कळलं नाही तर पुढचं कळणार नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये एक कार्ड असतं. त्याला ओळीने पोर्ट असतात, शून्यापासून सातपर्यंत. पोर्टमध्ये केबल लावायची, केबलच्या दुसऱ्या टोकाला डिस्क. केबल लागली की कार्ड इकडून हाक मारतं, डिस्क तिकडून ओ देते. मग म्हणायचं, लिंक लागली. समोरून ओ आली नाही तर लिंक लागत नाही.

एकट्याने लिंक लागतच नाही. एवढं लक्षात ठेवा.

कार्डाशी बोलून ही खबर संगणकाला देणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. तो मी लिहितो.

आणि आमच्या नव्या कार्डाचा ड्रायव्हर चक्क खोटं बोलत होता.

केबल उपटून काढली तरी तो म्हणायचा, लिंक लागलेली आहे. वर्गात एकदा हजेरी लागली की पोरगं मागच्या दाराने पसार झालं तरी दिवसभर हजरच, तसा प्रकार.

हे पहिल्यांदा पकडलं सुईणबाईने.

सुईणबाई म्हणजे आमची हार्डवेअर इंजिनियर. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या कार्डात पहिल्यांदा जीव आणणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसने ठेवलेलं हे नाव. तिला ते आवडायचं. एखादं कार्ड सुरू होईना की त्याला चुचकारायची, "रड रे बाळा, एकदा रड." माझ्याहून वयाने बरीच मोठी, पण अहो-जाहो केलं की चिडायची.

ती तळघरातल्या लॅबमध्ये, मी तिसऱ्या मजल्यावर. मध्ये फोन. सकाळी स्पीकर चालू व्हायचा तो संध्याकाळीच बंद.

"काढू?"

"काढ."

"लावू?"

"लाव."

कित्येक वर्षं आमचं बोलणं बहुतेक एवढंच. प्रेमबीम काही नव्हतं, उगाच तर्क लढवू नका. पण मी एकटा राहतो. तीही एकटी राहायची. दिवसभरात मी जेवढे शब्द बोलायचो त्यातले निम्मे तरी तिच्याशीच असायचे, आणि तिचंही तसंच असावं. त्याबद्दल आम्ही कधी अवाक्षर काढलं नाही.

तिची एक सवय होती. केबल एका दमात लावायची नाही. जरा आत, बाहेर. पुन्हा आत, बाहेर. मग तिसऱ्यांदा खट्कन पूर्ण.

"पुसून घेते रे. टोकांवर धूळ असते," म्हणायची.

त्यामुळे माझ्या स्क्रीनवर ओळी यायच्या: लागली. गेली. लागली. गेली. लागली. ऑफिसात दुसरं कुणी असं लावत नसे. जुन्या कार्डांवर त्या ओळी नुसत्या बघून सांगता यायचं, हा बाईचा हात.

नव्या कार्डावर तिचा हात दिसेना. एकदा 'लागली' आणि मग चिडीचूप.

"शहाण्या," ती स्पीकरवर म्हणाली, "दोनदा पुसून लावलीय मी. मधल्या दोन 'गेली' कुठे आहेत? तुझा ड्रायव्हर खोटं बोलतोय."

तिने रीतसर तक्रार टाकली. साहेबांनी ती दुसऱ्याच दिवशी बंद केली. खाली शेरा मारला: केबल ढिली. लावणाऱ्याने नीट लावावी.

सुईणबाईला म्हणे केबल लावता येत नाही! मी वर जाऊन साहेबांशी भांडलो. उपयोग शून्य. त्या दिवशी तिचा स्पीकर लवकर बंद झाला.

नंतर एका बुधवारी ती आलीच नाही.

झोपेतच गेली, असं तिच्या शेजारणीने कळवलं. ऑफिसातून दोन ओळींचा मेल निघाला. लॅबमध्ये एसीचा गारवा फार, म्हणून तिची एक राखाडी शाल कायम खुर्चीवर असायची. ती न्यायला कुणी आलं नाही. शाल तिथेच राहिली.

मला तिची आठवण यायची. खूप यायची. सकाळी स्पीकरच्या बटणाकडे हात जायचा आणि मध्येच थांबायचा.

काही आठवड्यांनी एका गिऱ्हाईकाकडे खरंच केबल निसटली. ड्रायव्हर 'सगळं ठीक' म्हणत बसला आणि त्यांचं काम दिवसभर ठप्प. तेव्हा साहेबांचे डोळे उघडले. बाईची तक्रार पुन्हा वर आली आणि माझ्या गळ्यात पडली.

मी खुशीने घेतली. मला त्यातून एकच गोष्ट हवी होती.

आमच्याकडे दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहायची पद्धत असते, ही चूक कुणी दाखवली. त्या ओळीत मला तिचं नाव हवं होतं. सुईणबाई नाही. खरं नाव, आडनावासकट, जे ऑफिसात कुणाच्या तोंडी नव्हतं. दुरुस्ती स्वीकारली गेली तर ते नाव कायमचं राहणार, जिथे जिथे हा ड्रायव्हर जाईल तिथे. नाही स्वीकारली तर तिच्या नावाखाली उरणार तो साहेबांचा शेरा.

लॅबचं मशीन आठवडाभर दुसऱ्यांच्या ताब्यात असतं. म्हणून मी रविवार धरला. घरी तरी कोण वाट बघत होतं?

दुरुस्ती छोटी होती. ड्रायव्हरने जुनी आठवण सांगायची नाही, दर वेळी कार्डालाच विचारायचं. बस्स.

मी तळघरात गेलो. पोर्ट शून्य आणि एकवर डिस्क होत्या. बाकीच्या पोर्टना रबरी बुचं होती, धूळ जाऊ नये म्हणून बाईनेच लावलेली.

त्यात पोर्ट सात म्हणजे आमचा विनोदाचा विषय. तिथे कधीच काही जोडलेलं नसायचं. तरी गेले काही आठवडे जुना ड्रायव्हर तिथे लिंक लागलेली दाखवायचा. मशीन बंद करून चालू केलं तरी थोड्या वेळाने परत तेच. बगचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचा, नमुना म्हणून नव्या लोकांना मी मुद्दाम तो दाखवायचो. लोक हसायचे.

मी केबल काढली. स्क्रीनवर आलं, गेली. लावली. लागली. ड्रायव्हर खरं बोलायला लागला होता.

आता तो बराच वेळ चालवून बघायचा होता. डिस्क अडकली तर मशीन शिटी मारतं, ती वर ऐकू यावी म्हणून मी लॅबमधला फोन माझ्या टेबलावरच्या फोनला जोडून स्पीकर चालू ठेवला. दार ओढून घेतलं आणि वर गेलो.

तिसरा मजला रिकामा. हालचाल नसली की तिथले दिवे आपोआप विझतात, त्यामुळे माझ्या डोक्यावरचा तेवढा चालू. स्पीकरमधून लॅबच्या पंख्यांची घरघर येत होती. खरं सांगू? बरं वाटत होतं. किती दिवसांनी तो आवाज माझ्या टेबलावर होता.

मी पोर्टांचा अहवाल मागवला.

पोर्ट शून्य, लागलेली. एक, लागलेली. दोन ते सहा, काही जोडलेलं नाही. सगळं बरोबर.

आणि पोर्ट सात...

लागलेली.

मी स्वतःला एक शिवी हासडली. माझ्या दुरुस्तीतच घोळ असणार. सगळा कोड पुन्हा वाचला. चूक सापडेना. मग ड्रायव्हरला बाजूला ठेवून थेट कार्डाला विचारलं.

कार्ड म्हणालं, लिंक आहे. वेग सगळ्यात कमी. समोरच्याची ओळख, म्हणजे प्रत्येक डिस्कचा स्वतःचा असतो तो क्रमांक... शून्य. सगळीच्या सगळी शून्यं.

म्हणजे कार्डाने हाक मारली होती. आणि कुणीतरी ओ दिली होती.

कार्ड बिघडलंय, मी मनाशी म्हटलं. धूळ असेल. ओल असेल. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

तेवढ्यात स्पीकरमधून...

कर्रर्र.

मी तो आवाज झोपेतही ओळखेन. तिच्या खुर्चीचा. ती मागे रेलली की खुर्ची कुरकुरायची. मी सारखा म्हणायचो, जरा तेल घाल. ती म्हणायची, "असू दे. तेवढंच कुणीतरी बोलतं माझ्याशी."

"कोण आहे?" मी फोनमध्ये ओरडलो.

पंख्यांची घरघर.

रखवालदार असेल. मी जाड पडदा सारून खिडकीतून खाली पाहिलं आणि पडदा परत ओढला. रखवालदार फाटकाजवळ उन्हाला पाठ देऊन पेपर वाचत होता. दुसरं कुणी इमारतीत नव्हतं.

मी परत खुर्चीत बसलो. फोनमध्ये घरघर तशीच होती, पण आता ती वाट बघणारी वाटत होती. कसं सांगू... इतकी वर्षं फोनच्या पलीकडे कुणी वाट बघत असलं की मला कळायचं. केबल हातात धरून ती थांबलेली असायची, माझ्या एका शब्दासाठी. अगदी तशी शांतता.

माझ्या तोंडून निघून गेलं.

"काढ."

स्क्रीनवर ओळ आली...

पोर्ट सात: गेली.

उठून पळावं असं वाटलं आणि उठता येईना. तरी मी म्हटलं, अगदी हळू.

"लाव."

लागली.

गेली.

लागली.

गेली.

...

लागली.

किती वेळ मी त्या ओळींकडे बघत होतो, मला माहीत नाही. डोक्यावरचा दिवा विझला, कारण मी हललो नव्हतो. अर्धवट अंधारात स्क्रीन तेवढी उजळ.

"सुईणबाई?" मी म्हटलं.

स्क्रीनवर नवी ओळ आली नाही. आमच्या कामात तसा प्रश्न कधी नव्हताच.

मी खाली गेलो. का गेलो विचारू नका.

लॅबचं दार तसंच ओढलेलं. आत कुणी नाही. शाल खुर्चीवर. मशीन चालू.

पोर्ट सातचं बूच मात्र जागेवर नव्हतं.

ते मशीनच्या वर ठेवलेलं होतं. उलटं. बाई नेहमी तसंच ठेवायची, घरंगळून टेबलाखाली जाऊ नये म्हणून. मी बुचाला हातही लावला नव्हता. आणि मी उलटं ठेवत नाही, माझी बुचं कायम टेबलाखालीच सापडतात.

पोर्ट रिकामा होता. केबल नाही, काही नाही. मी खाली वाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. रिकामा.

आणि त्याच्या शेजारचा बारीक हिरवा दिवा... जळत होता.

मग मात्र मी पळालो. पार्किंगमधला माणूस अजून गाडी धूत होता. मी त्याच्याजवळ उगाच उभा राहिलो. जिवंत माणूस हवा होता मला. त्याने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, काही नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला काहीही न सांगायचं ठरवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"तुला काही केलं का तिने?"

"नाही."

"मग घाबरतोस कशाला? जेवलास का?"

त्या 'जेवलास का'वर मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी मी दुरुस्ती पाठवली. आमचा ड्रायव्हर जगभरच्या मशीनवर जाणाऱ्या मूळ प्रणालीत घ्यायचा की नाही हे ठरवणारा एक माणूस आहे. दूर कुठेतरी बसतो, फक्त मेलवर बोलतो. आम्ही त्याला सासूबाई म्हणतो, कारण खोट काढल्याशिवाय त्याच्या हातून एकही दुरुस्ती सुटत नाही. मी चाचणीच्या ओळी जशाच्या तशा जोडल्या होत्या. पोर्ट सातसकट. लपवायला मन झालं नाही.

सासूबाईंचं उत्तर तासाभरात आलं. काम चांगलं आहे. पण पोर्ट सातवर काही नसताना लिंक दिसते, समोरच्याची ओळख शून्य आहे. ओळख येत नसेल तर सरळ 'काही जोडलेलं नाही' म्हणावं. तेवढी अट घाल, मग घेतो.

मी लिहिलं, कार्ड स्वतः सांगतंय की लिंक आहे.

त्याने लिहिलं, ज्याला ओळख नाही त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "अरे, बरोबरच बोलतोय तो. रिकाम्या पोर्टवर लिंक दाखवलीस तर गिऱ्हाईक माझं डोकं खाईल. घाल ती अट आणि मोकळा हो."

तिचं नाव नीट उतरवून घ्यावं म्हणून मी तिची जुनी तक्रार उघडली. खाली तिने त्या दिवशीचा पोर्टांचा अहवाल जोडला होता. मी सहज वाचला.

पोर्ट सात... काही जोडलेलं नाही.

मी अहवालाची तारीख पुन्हा पाहिली.

जुना ड्रायव्हर खोटारडा होता, पण हवेतून काही काढत नव्हता. एकदा खरोखर लिंक लागली तरच तो पुढे 'लागलेली' म्हणत बसायचा. म्हणजे पोर्ट सात बगचा नमुना नव्हताच. ती असेपर्यंत तो रिकामा होता. ती गेल्यानंतरच तिथे कुणीतरी लिंक लावली होती. दर वेळी मशीन बंद करून चालू केलं की परत लावली होती.

इतके आठवडे ती तिथे होती. आणि मी लोकांना बोलावून दाखवत होतो, हा बघा बग. लोक हसत होते.

आता अट अशी होती. तिचं नाव हवं असेल, तर ती तिथे नाही असं मला लिहायला लागणार होतं.

मी दुपारपर्यंत नुसता बसून राहिलो. साहेब दोनदा डोकावून गेले. शेवटी मी ती अट घातली. एवढीशी तर ओळ. ज्याची ओळख नाही, ते नाही.

नवा ड्रायव्हर चढवला. अहवाल मागवला. पोर्ट सात: काही जोडलेलं नाही.

लॅबचा फोन वर जोडून घेतला. तिथे त्या वेळी कुणी नव्हतं.

"काढ," मी म्हटलं.

स्क्रीन कोरी.

"लाव."

कोरी. नुसती पंख्यांची घरघर. खुर्चीही गप्प.

संध्याकाळी सासूबाईंचा मेल आला, घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कसलीही खोट काढली नव्हती. खाली ती ओळ होती, तिच्या पूर्ण नावाची. साहेबांनी पाठ थोपटली.

मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो. बाईला सांगायला, दुसरं काय. दिवस मावळला नव्हता, जिन्यात लोकांची येजा चालू होती. लॅबमध्ये मात्र कुणी नव्हतं.

पोर्ट सातचा हिरवा दिवा जळत होता.

तो दिवा कार्ड स्वतः लावतं. माझ्या ड्रायव्हरला विचारत नाही.

"लागलं गं तुझं नाव," मी म्हणालो.

दिवा विझला.

मग लागला. विझला. लागला. विझला...

लागला.

माझ्या हातातल्या लॅपटॉपवर एकही ओळ आली नाही. तिथे एकच वाक्य शांतपणे उभं होतं. पोर्ट सात: काही जोडलेलं नाही.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. लॅबमध्ये दुसरी माणसं आली, ती केबल एका दमात लावतात. मी शाल हलवू दिली नाही. बूच अजून मशीनवर उलटंच आहे, ते पोर्टला लावायची माझी हिंमत होत नाही. कधी कधी दुपारी खाली जाऊन मी त्या दिव्यासमोर बसतो. बोलायला काही सुचत नाही. काढ आणि लाव यापलीकडे आम्हाला कधी बोलता आलंच नाही.

तो ड्रायव्हर आज कुठल्या कुठल्या खोल्यांतल्या मशीनवर चालतोय, मला माहीत नाही. तिथेही रिकामे पोर्ट असतील. तिथेही कुणी ओ देत असेल, आणि समोरच्या माणसाला दिसत असेल, काही जोडलेलं नाही. ते वाक्य मी लिहिलंय आणि त्याच्या खाली तिचं नाव आहे.

सुईणबाई, माझा ड्रायव्हर अजून खोटंच बोलतोय.